मध्यस्थाविना कादंबरी : नांदेड-लातूरच्या लेखकाने प्रकाशकापर्यंत पोहोचावे कसे?

विशेष प्रतिनिधी, नांदेड/लातूर

कादंबरी लिहून पूर्ण झाली, दोन-तीन जाणकार मित्रांनी ती वाचली, 'छापायला हवी' असा अभिप्रायही दिला. आता पुढे काय, या प्रश्नापाशी मराठवाड्यातील बहुतेक नवोदित कादंबरीकार येऊन थबकतात. त्यांत नांदेड-लातूरचे प्राध्यापक आहेत, उदगीर-देगलूरचे शाळाशिक्षक आहेत, शेती किंवा दुकान सांभाळून रात्री लिहिणारे तरुणही आहेत. इंटरनेटवर शोध घ्यावा, तर हाती लागणारा सल्ला बहुधा लंडन-न्यूयॉर्कचा असतो. आधी साहित्यिक एजंट गाठा, त्याला एक पानाचे पत्र पाठवा, त्याने होकार दिला की तोच प्रकाशक शोधील, असे त्यात सांगितलेले असते. तिकडच्या लेखकाला हा सल्ला लागू पडतो. मराठी कादंबरीच्या व्यवहारात मात्र एजंट नावाचा व्यवसाय उभाच राहिलेला नाही. त्यामुळे 'तुमचे पुस्तक मोठ्या प्रकाशकाकडे लावून देतो' असे म्हणून आधी पैसे मागणारा कोणी भेटला, तर तो एजंट नव्हे, एवढे प्रथमच ओळखलेले बरे. जगभर या व्यवसायाचा पहिला नियम असा, की एजंट लेखकाकडून नव्हे, तर लेखकाला मिळालेल्या पैशातून आपला वाटा घेतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात लंडनमध्ये ए. पी. वॉट या गृहस्थाने हा व्यवसाय रूढ केला. लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करायची आणि मानधनाचे दहा टक्के आपण घ्यायचे, अशी त्याची पद्धत होती. आज ब्रिटन-अमेरिकेत हे प्रमाण साधारणतः पंधरा टक्के आहे. भारतातही अशा संस्था आहेत. बंगळुरूत १९९७ मध्ये सुरू झालेली 'जॅकरांडा', जयपूरची 'सियाही', दिल्लीची 'रायटर्स साइड' ही त्यांतील परिचित नावे. तथापि, त्यांचा व्यवहार मुख्यतः इंग्रजी पुस्तकांचा आणि इंग्रजीत जाणाऱ्या अनुवादांचा. मराठीत लिहिलेली संहिता मराठी प्रकाशकाकडे नेऊन देणे हे त्यांचे कामच नव्हे.

हिशेब जुळत नाही

मराठीत एजंट का नाहीत, याचे उत्तर साहित्याच्या अभिरुचीत शोधण्याचे कारण नाही. ते साध्या गुणाकारात सापडते. समजा, एका कादंबरीची किंमत ३०० रुपये आहे आणि पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची आहे. (हजार प्रतींची आवृत्ती हे मराठीतील जुने माप, अलीकडे पाचशे-तीनशे प्रतींवरही समाधान मानले जाते.) लेखकाला दहा टक्के मानधन ठरले, तर संपूर्ण आवृत्ती विकली गेल्यावर त्याच्या हाती ३० हजार रुपये येतात. त्यातील पंधरा टक्के म्हणजे ४५०० रुपये एजंटाचे. नव्या लेखकाची आवृत्ती संपायला तीन वर्षे लागली असे धरले, तर एजंटाची एका पुस्तकामागची वार्षिक प्राप्ती १५०० रुपये. महिन्याला २५ हजार रुपये मिळवायचे, तर त्याच्याकडे एका वेळी दोनशे कादंबऱ्या विक्रीत असाव्या लागतील. दोनशे कादंबऱ्या वाचून, पारखून, प्रकाशकांकडे पाठवून त्यांचा पाठपुरावा करणारा माणूस या उत्पन्नावर जगू शकत नाही.

प्रकाशकाची बाजूही फारशी निराळी नाही. पुस्तकाच्या किमतीतील तीस-चाळीस टक्के विक्रेत्याच्या सवलतीत जातात. उरलेल्यातून कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन आणि मानधन भागवावे लागते. राज्यातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या आसपास आहे आणि मराठी प्रकाशकाचा मोठा आधार त्यांची खरेदी हाच आहे. पण ती खरेदी ज्या अनुदानावर अवलंबून असते, ते वेळेवर येतेच असे नाही. एजंटाशी घासाघीस करण्याजोगी आगाऊ रक्कम या व्यवहारात मुळात नसतेच.

मग पारख केली कोणी?

तरीही मराठीत नव्या लेखकांची पहिली पुस्तके निघत आली आहेत आणि त्यांतील काही टिकलीही आहेत. एजंटाचे काम येथे वेगवेगळ्या माणसांनी वाटून घेतले आणि बहुधा विनामोबदला केले, असे दिसते. पहिला वाटा संपादकाचा. 'मौज' आणि 'सत्यकथा'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांना लिहिलेल्या पत्रांविषयी आजही बोलले जाते. संहिता नाकारतानाही ती का नाकारली, हे सांगणारा संपादक त्या काळात लेखकाला लाभत असे. अर्थात, या पारखीविरुद्ध नव्या पिढीने बंडही केले. १९६९ मध्ये अनियतकालिकांच्या चळवळीतील कवींनी 'सत्यकथा'च्या अंकाची जाहीर होळी केली होती. १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडले. त्याच्या अभिरुचीविषयी कोणाचे काही मत असो, नव्या लेखकाचे लेखन एवढ्या बारकाईने वाचणारी जागा त्यानंतर आक्रसली, हे मान्य करावे लागते.

दुसरा वाटा प्रकाशकाच्या धाडसाचा. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याच संस्थेने १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे या पंचविशीतील तरुणाची 'कोसला' काढली. या दोन कादंबऱ्यांत साम्य असे काहीच नाही. शिवाजी सावंतांची पहिलीच कादंबरी 'मृत्युंजय' १९६७ मध्ये कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने काढली, तेव्हा सावंतही तिशीच्या आतच होते. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये 'ग्रंथाली' या वाचक चळवळीने वाचकांसमोर आणले.

तिसरा वाटा नांदेडकरांना अधिक जवळचा आहे. येथील पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी आपल्या आणि परक्या अशा कितीतरी लेखकांची हस्तलिखिते वाचली, त्यांवर दीर्घ पत्रे लिहिली, प्रस्तावना लिहिल्या. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'च्या आरंभी प्रस्तावना म्हणून छापलेले कुरुंदकरांचे प्रदीर्घ पत्र वाचले, की पुण्या-मुंबईपासून दूर बसलेला एक वाचक कादंबरीकाराशी कोणत्या पातळीवर संवाद करू शकतो, याची कल्पना येते. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतरही मराठवाड्यातील नव्या लेखकाला पहिला दुवा मिळतो तो बहुधा अशाच एखाद्या प्राध्यापकाकडून, ग्रंथपालाकडून किंवा आधी पुस्तक निघालेल्या लेखकमित्राकडून.

या दुव्याला वशिला म्हणून हिणवण्याचे कारण नाही. मात्र तो नसला तरी दार बंद होत नाही, याचे ताजे उदाहरण लातूरच्या शेजारी जिल्ह्यातील आहे. तुळजापूरचे देविदास सौदागर हे व्यवसायाने शिंपी. तयार कपड्यांच्या बाजारामुळे शिलाईचा धंदा कसा उसवत गेला, हे सांगणारी त्यांची 'उसवण' ही छोटेखानी कादंबरी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२४ मध्ये तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. प्रकाशक होते देशमुख आणि कंपनी, म्हणजे 'कोसला'चेच. लातूर तालुक्यातील धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये निघाले व त्याला पुढच्याच वर्षी अकादमीचा पुरस्कार लाभला, तेव्हाही लेखकामागे कोणी एजंट नव्हता.

पत्र कसे असावे?

एजंट नाही म्हणजे त्याचे काम लेखकालाच करावयाचे आहे. त्यातील पहिले काम प्रकाशकाच्या निवडीचे, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. ग्रामीण जीवनावरील वास्तववादी कादंबरी अनुवादित थरारकथांसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेकडे पाठवली जाते, तर ऐतिहासिक कादंबरी प्रयोगशील साहित्याच्या प्रकाशकाकडे. जिल्हा ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक दुपार घालवून, गेल्या पाच वर्षांत आलेल्या आपल्या जातकुळीच्या कादंबऱ्या कोणी काढल्या हे पाहावे आणि चार-पाच नावांची यादी करावी. त्या यादीत केवळ पुण्या-मुंबईचीच नावे असावीत असेही नाही. छत्रपती संभाजीनगरला 'साकेत' आणि 'जनशक्ती वाचक चळवळ' आहेत. नांदेडमध्येच 'इसाप', 'संगत', 'निर्मल' या संस्था पुस्तके काढत आहेत. जवळच्या प्रकाशकाकडे प्रत्यक्ष बसून मुद्रिते पाहता येतात, हा लाभ लहान नाही. पुस्तक सोलापूर-कोल्हापूरच्या दुकानात पोहोचेल काय, हा प्रश्न मात्र त्याला आधीच विचारावा.

त्यानंतर पत्र. 'स. न. वि. वि.' लिहून झाल्यावर पहिल्याच परिच्छेदात कादंबरी कशाविषयी आहे, कोठे व कोणत्या काळात घडते आणि तिची शब्दसंख्या किती, हे यावे. दुसऱ्या परिच्छेदात लेखकाने आपली ओळख द्यावी. 'मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे' हे वाक्य संपादकाने शेकडो वेळा वाचलेले असते. त्याऐवजी कादंबरीच्या विषयाशी आपला संबंध काय, हे दोन ओळींत सांगितले तर त्याचे लक्ष जाते. सोयाबीनच्या आडतीवर कादंबरी लिहिणारा स्वतः लातूरच्या बाजार समितीत दहा वर्षे मापारी होता, ही माहिती पदव्यांच्या यादीपेक्षा मोलाची आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपावर लिहिणाऱ्याने त्या वेळी आपण कोठे होतो, हे सांगावे. पूर्वी दिवाळी अंकात किंवा नियतकालिकात काही प्रसिद्ध झाले असल्यास त्याचा उल्लेख करावा. मित्रांनी केलेली स्तुती लिहू नये. पत्र एका पानात संपावे.

पत्रासोबत दोन पानांचा कथासारांश आणि पहिली तीन प्रकरणे पुरेशी होतात. सारांशात शेवटही सांगावा. रहस्य राखून 'पुढे काय होते ते प्रत्यक्ष वाचा' असे लिहिणे हे जाहिरातीत शोभते. संपादकाला शेवट ठाऊक झाल्याखेरीज कादंबरीची बांधणी कळत नाही. संपूर्ण संहिता त्याने मागितल्यावर द्यावी, आणि मूळ हस्तलिखित कधीच हातचे सोडू नये.

एक तांत्रिक बाब क्षुल्लक वाटते, पण फार त्रास देते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनेक डीटीपी केंद्रांत आजही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेखन होते. ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची रांगोळी होते. रूपांतर केले तर रफार आणि जोडाक्षरे तुटतात. टंकलेखन युनिकोडमध्येच करून घ्यावे आणि पीडीएफसोबत मूळ फाइलही जपून ठेवावी.

संमेलनात प्रकाशक भेटतात, म्हणून तेथेच संहिता देण्याचा मोह अनेकांना होतो. एप्रिल २०२२ मध्ये उदगीर येथे भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा मराठी प्रकाशनविश्व लातूर जिल्ह्याच्या दारी आले होते. अशा वेळी ग्रंथप्रदर्शनात प्रकाशकाची पुस्तके पाहावीत, ओळख करून घ्यावी, संहिता कोणाच्या नावे पाठवावी एवढे विचारावे. विक्रीच्या गर्दीत गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हाती चारशे पानांचे बाड देणे म्हणजे ते परतीच्या खोक्यांत हरवण्याची व्यवस्था करणे होय.

बोलीचा प्रश्न

मराठवाड्यातील कादंबरीकाराला आणखी एक गोष्ट पत्रातच स्पष्ट करावी लागते. लातूर-नांदेडकडील 'करलालाव', 'जावलालाव' ही क्रियापदे, देगलूर-बिलोली भागातील तेलुगूची छटा, उदगीर-निलंग्याकडील कानडी-उर्दूचा संसर्ग, हे सारे संवादांत आले की बाहेरच्या मुद्रितशोधकाला ते अशुद्धलेखन वाटण्याचा संभव असतो. बोली कोठे व का योजली आहे, निवेदन प्रमाण भाषेत आहे की बोलीत, हे आधी सांगितलेले असले म्हणजे पुढची खडाजंगी टळते. शब्दार्थांची लांबलचक यादी मागे जोडण्याचा आग्रह काही संपादक धरतात. ती टाळता आली तर टाळावी, कारण संदर्भातून अर्थ उमगत नसेल तर दोष यादीच्या अभावाचा नसून वाक्याचा असतो. संमतीखेरीज मजकुराची मोडतोड करून लेखकाच्या लौकिकाला बाध आणल्यास त्याला हरकत घेता येते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ ने तो अधिकार दिलेला आहे.

पैसे कोणी कोणाला द्यावयाचे?

सर्वांत नाजूक विषय हा. 'आम्ही पुस्तक काढू. पण खर्च तुम्ही करा' असे उत्तर नवोदितांना वारंवार ऐकावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकन पद्धती आणली, त्यानंतर आयएसबीएन क्रमांक असलेल्या पुस्तकाला वेगळेच मोल आले आणि स्वखर्चाच्या प्रकाशनाला बहर आला. वस्तुतः हा क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी लेखकाकडून वेगळे शुल्क मागितले, तर व्यवहाराची दिशा ओळखावी.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात गैर काही नाही. मराठीत कितीतरी कवींनी आपले पहिले संग्रह तसेच काढले. प्रश्न असा आहे, की पैसे देऊन लेखक काय विकत घेतो? केवळ छपाई घेत असेल तर दोन मुद्रणालयांचे दर मागवून तुलना करावी. वितरणही मिळणार असे सांगितले असेल, तर किती प्रती छापणार, त्या कोणत्या शहरांतील कोणत्या दुकानांत ठेवणार आणि वर्षाअखेर विक्रीचा हिशेब कोण देणार, हे लिहून घ्यावे. कबूल केलेल्या पाचशे प्रतींपैकी प्रत्यक्षात शंभरच छापल्या गेल्या आणि त्याही लेखकाच्याच घरी खोक्यांत येऊन पडल्या, असे होण्याचा धोका तोंडी व्यवहारात कायम असतो. प्रकाशन समारंभाच्या छायाचित्रापलीकडे मग हाती काही उरत नाही.

करार हा तर प्रत्येक व्यवहारात हवाच, प्रकाशक कितीही आदरणीय असो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीनिशी असल्याखेरीज वैध ठरत नाही. कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मानधनावर दिले, याचा उल्लेख त्यात असावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. मिळालेला हक्क प्रकाशकाने एक वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळी तरतूद नसली, तर तो हक्क संपुष्टात येतो. हे शेवटचे कलम फार थोड्या लेखकांना ठाऊक असते. 'पुढच्या वर्षी काढू' म्हणून वर्षानुवर्षे अडकलेल्या संहितांची त्यामुळे सुटका होऊ शकते. स्वामित्वाचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो, म्हणजे सही करताना नातवंडांचाही विचार करावा लागतो. 'सर्व हक्क प्रकाशकाधीन' या तीन शब्दांत श्राव्य पुस्तक, ई-पुस्तक, चित्रपट आणि अनुवाद असे सगळेच निघून जाते. मुद्रणाचा हक्क देऊन बाकीचे स्वतःकडे ठेवावेत, अथवा त्यांचा वाटा स्वतंत्रपणे लिहून घ्यावा.

खर्चाचा प्रश्न सोडविण्याचा एक सरळ मार्ग शासनाकडेही आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना लेखकाच्या पहिल्याच पुस्तकाच्या प्रकाशनासाठी आहे आणि तीत कादंबरीचाही समावेश होतो. संहिता तज्ज्ञांकडून तपासली जाते, त्यामुळे अनुदान मिळाले नाही तरी एक त्रयस्थ वाचक लाभतो. पुस्तक निघाल्यावर राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. प्रवेशिका आपला प्रकाशक पाठवतो की नाही, याची चौकशी लेखकानेच करावी.

प्रतीक्षा आणि पुढे

पत्र पाठवल्यावर तीन महिने थांबणे रास्त. त्यानंतर एक स्मरणपत्र, आणखी तीन महिन्यांनी दुसरे. तरीही उत्तर आले नाही, तर 'संहिता परत घेत आहे' असे लेखी कळवून पुढच्या प्रकाशकाकडे वळावे. एकाच वेळी अनेकांकडे संहिता पाठवणे मराठीत प्रशस्त मानले जात नाही. तथापि सहा-सहा महिने मौन पाळणाऱ्या व्यवसायाने या संकेताचा फार आग्रह धरू नये. दोघांकडे पाठवली असल्यास तसे दोघांनाही सांगितले म्हणजे झाले. दरम्यान कादंबरीतील एखादे स्वयंपूर्ण प्रकरण दिवाळी अंकाकडे पाठवता येते. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा नव्या नावांसाठी आजही सर्वांत मोकळी जागा आहे. मात्र अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यापूर्वीच सुरू होते, गणेशोत्सवात पाठवलेला मजकूर पुढच्या वर्षाचा ठरतो.

आणि एजंट? त्याची गरज मराठी लेखकाला पडू शकते, पण ती पुस्तक निघाल्यानंतर, ते दुसऱ्या भाषेत जाऊ लागल्यावर. 'उचल्या'चा इंग्रजी अनुवाद साहित्य अकादमीने १९९८ मध्ये काढला, मराठी पुस्तकानंतर अकरा वर्षांनी. 'बलुतं' इंग्रजीत यायला २०१५ उजाडले. गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीला २०२२ मध्ये आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यापासून भारतीय भाषांतील पुस्तकांकडे इंग्रजी प्रकाशक अधिक उत्सुकतेने पाहू लागले आहेत. तेथे एजंटाला पाठवावयाच्या पत्राला अर्थ आहे : एका पानाचा इंग्रजी परिचय, मराठीतील परीक्षणांचा गोषवारा आणि जाणत्या अनुवादकाने केलेली वीस-पंचवीस पाने. त्यावर एजंटाकडून येणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत? त्याचे उत्तर काही वर्षांपूर्वी नांदेडला किंवा पुण्याला सही केलेल्या कराराच्या कागदावर असते.